मोठा हॉर्न लावला तर गाडीचं इलेक्ट्रॉनिक्स जळतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गाडी २०२३ची पेट्रोल हॅचबॅक. कंपनीने एकच डिस्क हॉर्न दिलाय आणि घाटात वळणापलीकडच्या ट्रकला तो ऐकूच जात नाही. दोन विंडटोन (शिंपल्याच्या आकाराचे, मोठ्या आवाजाचे हॉर्न) बसवायचेत. शोरूममध्ये सांगितलं, ‘बाहेरचा हॉर्न लावलात तर बीसीएम जाईल आणि वॉरंटीही जाईल.’ बीसीएम म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्युल, दिवे, लॉक, हॉर्न असली कामं सांभाळणारा गाडीतला छोटा संगणक. कोपऱ्यावरचा वायरमन म्हणतो, ‘काही होत नाही, जुन्याच कपलरला जोडून देतो, दहा मिनिटांचं काम.’ खरं कुणाचं धरायचं?

दोघांचंही अर्धंच खरं आहे. विंडटोन हॉर्नमुळे आपोआप बीसीएम जळत नाही. पण वायरमन म्हणतो तसा जुन्या कपलरला, म्हणजे हॉर्नच्या वायरच्या टोकाच्या प्लगला, थेट जोडला, तर आज ना उद्या बीसीएमवर किंवा बोनेटमधल्या फ्यूजबॉक्सवर येऊ शकतं. सगळा फरक हॉर्नला करंट कुठून मिळतो यात आहे. कंपनीच्या वायरने नव्या हॉर्नला फक्त ‘वाज’ एवढा इशारा द्यायचा आणि ताकद थेट बॅटरीकडून घ्यायची. हे नीट सांभाळलं तर गाडीतल्या एकाही कंट्रोलरला नवा हॉर्न लागल्याचं कळणारसुद्धा नाही.

आधी हॉर्न आत काय करतो ते बघू, कारण भीती तिथूनच सुरू होते. डिस्क असो वा शिंपल्याच्या आकाराचा विंडटोन, आत एक कॉइल, एक पोलादी पडदा आणि एक पॉइंट असतो. करंट गेला की कॉइल पडद्याला ओढते, पडदा ओढला गेला की पॉइंट उघडतो, करंट तुटतो, पडदा मागे येतो, पॉइंट पुन्हा जुळतो. हे सेकंदाला साधारण ३५० ते ५०० वेळा घडतं आणि त्यालाच आपण आवाज म्हणतो. म्हणजे हॉर्न हा बल्बसारखा शांत लोड नाही. तो सेकंदाला शेकडो वेळा कॉइलचा करंट तोडतो, आणि कॉइलचा करंट अचानक तोडला की ती उलटा झटका मारते. चांगल्या बनावटीच्या हॉर्नमध्ये हा झटका जिरवायला आतच एक रेझिस्टर बसवलेला असतो. स्वस्त नकलेत नेमका तोच वगळलेला असतो. मग पॉइंटवर ठिणगी पडते, पॉइंट लवकर जळतात आणि आजूबाजूच्या वायरिंगमध्ये गोंगाट पसरतो. याची घरगुती चाचणी सोपी आहे. रेडिओ एएमवर ठेवा आणि हॉर्न वाजवा. प्रत्येक वेळी जोरात करकर आली, तर झटका आत जिरत नाहीये असं समजा.

मग हा झटका ईसीएमपर्यंत, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कंट्रोलरपर्यंत, का पोचत नाही? दोन कारणांनी. एक म्हणजे गाडीतले कंट्रोलर असले झटके सोसण्यासाठीच बनवलेले असतात. आयएसओ ७६३७ या मानकात अशाच झटक्यांच्या चाचण्या ठरवून दिलेल्या आहेत. दुसरं कारण जास्त कामाचं आहे. बॅटरी स्वतःच झटके गिळणारी मोठी टाकी असते. हॉर्नची पॉझिटिव्ह वायर थेट बॅटरीला जोडली, तर गोंगाट बॅटरीत मुरतो. तीच वायर डॅशबोर्डखालच्या एखाद्या ‘मिळाली म्हणून’ घेतलेल्या वायरला जोडली, तर हॉर्न आणि म्युझिक सिस्टिम किंवा हॉर्न आणि सेन्सर एकाच बारीक वायरवर येतात आणि झटका आधी त्यांच्यापर्यंत पोचतो. याच कारणाने बॅटरीचे टर्मिनल सैल असलेल्या गाडीवर कुठलीही जादा वायरिंग करू नये. टाकीचं तोंडच सैल असेल तर पाणी मुरणार कुठे? आधी टर्मिनल साफ करा, घट्ट करा, मग पुढचं काम.

आता करंटचं गणित. कंपनीचा एक डिस्क हॉर्न साधारण ३ ते ५ अँपियर घेतो. विंडटोन एकेक ५ ते ६ अँपियर, म्हणजे जोडी ११-१२ अँपियरवर जाते. क्लॅम्प मीटर दाखवतो तो सरासरी आकडा असतो. पॉइंट उघडझाप करत असल्यामुळे करंटचं शिखर त्याहून बरंच वर असतं, आणि रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) कॉन्टॅक्टला ते शिखर सोसावं लागतं. कंपनीने एका हॉर्नसाठी १० अँपियरचा फ्यूज आणि बारीक वायर दिलेली असेल, तर तिथे ही जोडी लावणं चुकीचंच आहे. फसवणूक कुठे होते ते लक्षात घ्या. १० अँपियरचा फ्यूज १२ अँपियरला लगेच उडत नाही. पट्टीच्या फ्यूजला थोडा जादा भार बराच वेळ चालतो. त्यामुळे दुकानात दोन सेकंद वाजवून दाखवलं की सगळं ठणठणीत वाटतं आणि घाटात हॉर्न लांब दाबल्यावर नेमक्या गरजेच्या क्षणी फ्यूज जातो. काही गाड्यांत हॉर्न आणि धोक्याचे चारही इंडिकेटर एकाच फ्यूजवर असतात. तिथे हॉर्नबरोबर तेही बंद पडतात. यावर उपाय म्हणून कुणी २० किंवा ३० अँपियरचा फ्यूज बसवून देतो. हे सगळ्यात घातक. फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला की शॉर्ट झाल्यावर फ्यूजच्या आधी वायर वितळते, आणि ती वायर कंपनीच्या जुडग्यात इतर पन्नास वायरींना चिकटलेली असते.

हॉर्नचं बटण दाबल्यावर आत काय होतं, हे गाडीच्या वयावर ठरतं. जुन्या गाड्यांत पूर्ण करंट स्टीअरिंगच्या बटणातूनच जायचा. नंतर बोनेटमध्ये रिले आला आणि बटणाकडे फक्त रिलेची कॉइल चालू करण्यापुरता, अँपियरच्या आठव्या हिश्शाएवढा करंट राहिला. स्टीअरिंगखालची क्लॉकस्प्रिंग म्हणजे गुंडाळलेली चपटी केबल एवढ्याच करंटसाठी असते. त्याच केबलमधून एअरबॅगच्या वायरी जातात. म्हणून स्टीअरिंगच्या बटणापाशी कधीही जादा लोड जोडू नये. ती केबल जळली की हॉर्नबरोबर एअरबॅगचा दिवा लागतो, आणि दिवा लागलेला असताना ती एअरबॅग अपघातात उघडेल याची खात्री नसते. पिवळ्या कव्हरच्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरींना मीटरची पिनही लावू नका.

तुमच्या २०२३च्या गाडीत बहुधा तिसरा प्रकार असेल. बटण बीसीएमला संदेश देतं आणि बीसीएम हॉर्न वाजवतो. गाडी लॉक करताना वाजणारा छोटा ‘पीप’ आणि चोरीचा अलार्मही तोच वाजवतो. यातही दोन जाती आहेत. काही गाड्यांत बीसीएम बोनेटमधल्या साध्या, काढता येणाऱ्या रिलेला हुकूम देतो. काहींत हॉर्नचा रिले बीसीएमच्या किंवा फ्यूजबॉक्सच्या सर्किट बोर्डवरच झाळलेला असतो, किंवा रिलेऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. शोरूमवाल्याची भीती या दुसऱ्या जातीबद्दल आहे आणि तिथे ती रास्त आहे. झाळलेल्या रिलेचे कॉन्टॅक्ट जादा करंटने चिकटले, तर हॉर्न थांबतच नाही आणि दहा मिनिटांत बदलता येण्यासारखा रिले तिथे नसतो. बहुतेक वेळा अख्खं युनिटच बदलायला सांगतात. ‘बीसीएम गेला’ अशी जी प्रकरणं ऐकू येतात, त्यांच्या मुळाशी बऱ्याचदा हेच असतं. हॉर्नच्या झटक्याने प्रोसेसर जळणं फार दुर्मीळ आहे. इलेक्ट्रॉनिक स्विचची तऱ्हा आणखी वेगळी. जादा करंट दिसला की तो स्वतःला बंद करतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा बंद होतो. हॉर्न अडखळत वाजला आणि स्कॅनरवर हॉर्न सर्किटच्या बिघाडाचा कोड आला, तर हे कारण धरा आणि हॉर्न लगेच काढा.

एक सूचना नवा हॉर्न घेण्याआधी. आहे त्या हॉर्नला पूर्ण व्होल्टेज मिळतंय का, ते मोजा. हॉर्न वाजत असताना त्याच्या दोन टोकांवर मीटर लावा आणि त्याच वेळी बॅटरीवर किती आहे ते बघा. फरक अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल, तर दोष अर्थिंगच्या गंजलेल्या बोल्टचा किंवा कपलरमधल्या हिरव्या पडलेल्या पिनचा आहे. कोकणात आणि गोव्यात समुद्राच्या हवेने हे दोन-तीन पावसाळ्यांतच होतं. बोल्ट घासून घट्ट केला की त्याच हॉर्नचा आवाज परत येतो आणि खर्च शून्य. तसं काही नसेल आणि हॉर्न मुळातच बारीक असेल, तर पुढे वाचा.

साहित्य हे लागेल. नावाजलेल्या कंपनीची १२ व्होल्टची विंडटोन जोडी, एक उंच आणि एक खालच्या सुरातला. रूट्स, उनो मिंडा, बॉश, हेला यांपैकी कुठलीही चालेल, फक्त पावतीसह घ्या, कारण या नावांच्या नकला सर्रास मिळतात. चार पिनचा १२ व्होल्ट, ३० किंवा ४० अँपियरचा रिले, कॉइलवर आतून रेझिस्टर असलेला, आणि त्याचा सॉकेट. पाण्यापासून झाकण असलेला फ्यूज होल्डर आणि २० अँपियरचा पट्टी फ्यूज. २.५ चौरस मिमीची लवचीक ऑटो वायर तीन-चार मीटर, इशाऱ्यासाठी ०.७५ चौरस मिमीची एक-दीड मीटर. ६.३ मिमीचे चपटे थिंबल (वायरच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे तुकडे), बोल्टसाठी गोल थिंबल, उष्णतेने आवळणारी स्लीव्ह, कोरुगेटेड पाइप आणि टाय. तयार हार्नेस (जोडून दिलेला वायरींचा संच) घेतलात तर त्याची वायर सोलून तांब्याची जाडी बघा. वरचं प्लॅस्टिक जाड आणि आत दोरे मोजके, असा माल भरपूर येतो.

वायर २.५चीच का, याचं उत्तर आकड्यात आहे. ०.७५ चौरस मिमीच्या चार मीटर वायरमधून १२ अँपियर गेले, तर जवळपास १.१ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. २.५ चौरस मिमीच्या दीड मीटरमध्ये जेमतेम ०.१३. बारीक वायरवर महाग हॉर्न लावणाऱ्याला आवाज कमीच मिळतो आणि तो हॉर्नला दोष देतो.

रेझिस्टर असलेलाच रिले घ्या, याचं कारण रिलेचीही कॉइल असते. बंद होताना तीही उलटा झटका मारते, आणि तो दोन-तीनशे व्होल्टपर्यंत जाऊ शकतो. ही कॉइल आपण थेट बीसीएमच्या आउटपुटला जोडणार आहोत. म्हणजे या साऱ्या जोडणीत इलेक्ट्रॉनिक्सच्या सगळ्यात जवळ कुणी असेल तर हा रिले, हॉर्न नव्हे. आतल्या रेझिस्टरने तो झटका बराच खाली उतरतो. साधा रिलेच हाताशी असेल तर रिलेच्या ८५ आणि ८६ या कॉइलच्या पिनांमध्ये १एन४००७ डायोड लावतात, डायोडवरची पट्टी पॉझिटिव्हच्या बाजूला. पण तो उलटा लागला तर बटण दाबताच सरळ शॉर्ट होतो. म्हणून पहिल्यांदाच करणाऱ्याने डायोडच्या वाटेला जाऊ नये.

आता इशाऱ्याची वायर ओळखणं. हॉर्नचा कपलर काढा आणि मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल पिन कपलरच्या एकेका पिनवर लावा. एका पिनवर बटण दाबल्यावरच १२ व्होल्ट आले आणि दुसऱ्यावर कायम शून्य असेल, तर गाडी पॉझिटिव्ह देऊन हॉर्न वाजवते. एका पिनवर बटण न दाबताही १२ व्होल्ट असतील, तर गाडी निगेटिव्ह देऊन वाजवते. कपलरला एकच पिन असेल, तर हॉर्न बॉडीतून अर्थ घेतो आणि ती पिन पॉझिटिव्हची. इथे एक चकवा आहे. हॉर्नचा कपलर काढलेला असला की काही बीसीएम तपासणीसाठी त्या वायरवर बारीकसं व्होल्टेज सोडून ठेवतात. मीटरवर ते दिसतं आणि माणूस गोंधळतो. कपलरच्या दोन पिनांमध्ये ५ वॅटचा छोटा बल्ब लावून पुन्हा मोजा. खोटं व्होल्टेज असेल तर नाहीसं होतं. हॉर्नच्या कपलरवर बल्ब चालतो, कारण ती लाइन हॉर्नचा भार उचलण्यासाठीच आहे. इतर कुठल्याही वायरवर बल्बवाला टेस्ट लॅम्प लावू नका. सेन्सरच्या किंवा कॅनच्या (कंट्रोलर ज्यावरून आपसात बोलतात त्या) पिळलेल्या जोडवायरीवर तो लावला की तिथलं इलेक्ट्रॉनिक्स खरोखर जाऊ शकतं. 

जोडणीचा क्रम असा ठेवा. इग्निशन बंद करा, चावी लांब ठेवा, पाच-दहा मिनिटं थांबून गाडीतले कंट्रोलर झोपू द्या. मग बॅटरीचं निगेटिव्ह काढा. काही गाड्यांत यानंतर काचांची ऑटो सेटिंग आणि घड्याळ पुन्हा लावावं लागतं, तेवढं गृहीत धरा. बॅटरीच्या पॉझिटिव्ह क्लॅम्पवरच्या बोल्टपासून २.५ची वायर, १५ ते २० सेंटिमीटरच्या आत फ्यूज, तिथून रिलेच्या ३० नंबरच्या पिनला. ८७ नंबरमधून दोन्ही हॉर्नच्या एकेका टोकाला. हॉर्नची दुसरी टोकं एकत्र करून बॉडीच्या बोल्टवर. रंग खरवडून, गोल थिंबल घट्ट करून, वर पेट्रोलियम जेली. ८६ आणि ८५ला जुन्या कपलरच्या दोन पिना. गाडी पॉझिटिव्ह देणारी असेल तर ती पिन ८६ला आणि कायम शून्य असलेली ८५ला. निगेटिव्ह देणारी असेल तर कायम १२ व्होल्टची पिन ८६ला आणि दुसरी ८५ला. एकपिनी असेल तर ८५ बॉडीला. कपलर कापू नका. त्यात बसणाऱ्या चपट्या पिना घाला किंवा त्याच मापाचा जोडीदार कपलर मिळवा. परत मूळ हॉर्न लावायची वेळ आली, तर दोन मिनिटांत गाडी होती तशी व्हायला हवी.

फ्यूज बॅटरीजवळच हवा, रिलेजवळ नको. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या तुकड्याला कुणाचंच संरक्षण नसतं. अपघातात समोरचा पत्रा दबून ती वायर चिरडली, तर आग तिथूनच लागते.

दुकानात पाच पिनचा रिले हातात दिला तर मधली पिन तपासा. ८७ए लिहिलेलं असेल, तर ती पिन विश्रांतीत ३०शी जोडलेली असते, म्हणजे कायम जिवंत. हॉर्नची वायर चुकून तिथे गेली तर बॅटरी जोडताच हॉर्न सुरू होतो. नाही गेली तरी ती उघडी ठेवू नका. सॉकेटचं ते भोक बंद करा.

एक सूक्ष्म अडचण येऊ शकते. मूळ हॉर्न काढून तिथे फक्त रिलेची कॉइल राहिली, तर भार ४ अँपियरवरून ०.१५ अँपियरवर येतो. काही बीसीएमना वाटतं, हॉर्नची वायर तुटली, आणि ते कोड साठवतात. उपाय सोपा आहे. मूळ डिस्क हॉर्न जागेवर राहू द्या, त्याच्याच टोकांवर रिलेची कॉइल समांतर जोडा. तीन हॉर्न एकत्र वाजतात, बीसीएमला नेहमीचा भार दिसतो. मात्र कॉइल मूळ हॉर्नच्या ओळीत, म्हणजे एकामागे एक, जोडू नका. हॉर्नचा पॉइंट उघडझाप करत असल्याने रिलेही तडतडतो आणि कॉन्टॅक्ट काही दिवसांत चिकटतात.

स्टार्ट-स्टॉपच्या आणि स्मार्ट हायब्रिड गाड्यांत बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर बऱ्याचदा एक चौकोनी सेन्सर असतो. बॅटरीतून किती करंट गेला आणि किती आला याचा हिशोब तो ठेवतो. हॉर्नचं निगेटिव्ह थेट त्या टर्मिनलच्या खुंटीला लावलं, तर हॉर्नचा करंट सेन्सरला चुकवून जातो आणि हिशोब बिघडतो. म्हणून अर्थिंग बॉडीलाच द्यायचं. इलेक्ट्रिक गाडीतही हॉर्न १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीवरच चालतो आणि वरची जोडणी तिथेही लागू आहे. फक्त नारिंगी (जास्त व्होल्टेजच्या) केबलच्या आसपास भोक पाडायचं नाही, टाय आवळायचा नाही, आणि गाडी ‘रेडी’ नसताना हॉर्नच्या चाचण्या लांबवायच्या नाहीत, कारण ती बॅटरी लहान असते.

हॉर्न कुठे बसवता यालाही इलेक्ट्रॉनिक्सच्या दृष्टीने महत्त्व आहे, आणि याकडे जवळपास कुणीच बघत नाही. बऱ्याच गाड्यांत रेडिएटरच्या वरच्या किंवा बाजूच्या पट्टीवर एअरबॅगचा धक्का ओळखणारा सेन्सर असतो. त्याचा बोल्ट सोडून तिथे हॉर्नची पट्टी अडकवणं म्हणजे त्या सेन्सरला जादा थरथर देणं आणि त्याची बसण्याची दिशाही बदलणं. तो बोल्ट वर्ज्य समजा. बंपरमागे बाहेरचं तापमान मोजणारा छोटा सेन्सर असतो, त्याला झाकू नका. समोर रडार असलेल्या गाडीत जाळीच्या किंवा लोगोच्या मागे धातूचा हॉर्न आला, तर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बंद पडते किंवा चुकते. हॉर्न नेहमी त्याच्या लोखंडी पट्टीवर मोकळा थरथरला पाहिजे. हॉर्नचं अंग पत्र्याला किंवा प्लॅस्टिकला टेकलं तर आवाज फाटतो. विंडटोनचं तोंड खाली किंवा तिरकं खाली ठेवा. ते वर किंवा सरळ समोर राहिलं की पहिल्याच पावसात शिंपल्यात पाणी साचतं आणि गुळण्या केल्यासारखा आवाज येतो. रिलेही उभा, पिना खाली, इंजिनच्या उष्णतेपासून आणि धुण्याच्या फवाऱ्यापासून दूर.

काम संपल्यावर पुन्हा मीटर घ्या. इंजिन चालू, हॉर्न वाजत असताना बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून हॉर्नच्या पॉझिटिव्हपर्यंतचा फरक ०.३ व्होल्टच्या आत हवा, आणि हॉर्नच्या निगेटिव्हपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतचा ०.२च्या आत. निगेटिव्हकडचा फरक जास्त असेल तर हेडलाइट हॉर्नबरोबर लुकलुकतात, कारण दोघांची अर्थिंग एकाच सैल बोल्टवर आहे. मग दहा सेकंद सलग वाजवून रिले आणि फ्यूज होल्डरला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसता कामा नये. शेवटी गाडी लॉक-अनलॉक करून ‘पीप’ येतो का पाहा. बीसीएमचा पीप इतका क्षणिक असतो की काही विंडटोन तेवढ्यात नीट बोलत नाहीत, नुसता टक्क आवाज करतात. तो बिघाड नव्हे.

कंप्रेसरवाल्या एअर हॉर्नबद्दल माझं मत स्पष्ट आहे. प्रवासी गाडीला तो नकोच. त्याची मोटर सुरू होताना १५-२० अँपियर किंवा त्याहून जास्त खेचते, ब्रशमुळे गोंगाट विंडटोनपेक्षा बराच जास्त, आणि त्याला ४ चौरस मिमीची वायर, ३० अँपियरचा फ्यूज आणि मोटरवर उलटा डायोड लागतो. त्यात कायदाही आड येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९मधला नियम ११९ एकामागून एक सूर काढणारे हॉर्न आणि कर्कश, दचकवणारे आवाज यांना मनाई करतो. दोन विंडटोन एकाच वेळी एकच मिश्र सूर देतात, ते सूर बदलत नाहीत, म्हणून हॉर्न मानकाप्रमाणे बनवलेला असेल तर ते या मनाईत येत नाहीत. आवाजाच्या नियमभंगाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवल्यास २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९४-एफ आहे; त्या दुरुस्तीत पहिल्या वेळी १,००० आणि नंतर २,००० रुपये दंड ठरला होता. कोंबडा, सायरन, रिव्हर्सचं गाणं असे अनेक आवाज काढणारे इलेक्ट्रॉनिक हॉर्न करंट कमी घेतात, म्हणून ‘सेफ’ सांगून विकले जातात. विजेच्या बाजूने ते खरं असेल, नियमाच्या बाजूने ते बसत नाहीत.

वॉरंटीचं उत्तर वायर कापली की नाही यावर बरंच अवलंबून असतं. कंपनीचं जुडगं कापून जॉइंट मारलेला दिसला, तर त्या भागातल्या कुठल्याही विद्युत बिघाडाचं खापर तुमच्यावर फोडायला त्यांना आधार मिळतो. कपलर शाबूत, वेगळा फ्यूज, वेगळी वायर असेल तर तुमची बाजू भक्कम राहते. कंपनीच्या अधिकृत ॲक्सेसरीच्या यादीत तुमच्या मॉडेलसाठी जोडी हॉर्न असेल, तर वॉरंटीच्या काळात तोच घ्या. शोरूममध्येच बसवा आणि बिलावर त्याचं नाव लिहून घ्या.

आणि वायरमनला काम द्यायचंच असेल, तर जुन्या कपलरला थेट जोडणार नाही, फ्यूज बॅटरीजवळ लावेल आणि कंपनीची एकही वायर सोलणार नाही, हे आधी कबूल करून घ्या. काम झाल्यावर बोनेट उघडून रिले कुठे आहे ते स्वतः बघून ठेवा. हॉर्न कधी अडकून वाजतच राहिला, तर बटणावर बुक्क्या न मारता तो रिले उपटायचा. उपटूनही वाजत राहिला, तर मूळ हॉर्नच्या लाइनमध्ये दोष आहे. मग कंपनीचा हॉर्न फ्यूज काढायचा.